संपलेला सेल टाकावा कोठे?

घड्याळ, टॉर्च, टीव्हीचा रिमोट, मुलांची खेळणी; सेल नाही असे घर आज सापडणे कठीण. सेल संपला की आपण तो केरात टाकतो व विसरतो. पण संपते ती वीज. आतले धातू तसेच राहतात.

साध्या सेलचे डबडे जस्ताचे असते. त्यात कार्बनची कांडी व मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी असते. जस्त गंजू नये म्हणून पूर्वी त्यात थोडा पाराही घालीत. निकेल-कॅडमियमच्या सेलमधील कॅडमियम तर मूत्रपिंडांना घातक. कचऱ्याच्या ढिगात सेलचे कवच गंजते आणि हे धातू पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपतात. लिथियमची बॅटरी चेपली गेली तर पेटही घेते. याची पहिली झळ बसते ती उघड्या हातांनी कचरा वेचणाऱ्या आपल्याच बंधू-भगिनींना.

वस्तुतः जुन्या सेलमधून जस्त व मँगनीज परत मिळविता येते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मात्र त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरविले आहे.

म्हणून संपलेल्या सेलसाठी घरात एक प्लॅस्टिकची बरणी ठेवा. लिथियम व बटण सेलना चिकटपट्टी गुंडाळा. बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नका. सेल जाळू नका, फोडू नका. बरणी भरली की ई-कचरा संकलन केंद्रात पोचवा. आपले एवढे श्रम कुणाचे तरी हात वाचवतील.