सर्दीची गोळी आणि तीन महिन्यांची बंदी

साध्या सर्दीसाठी डॉक्टरकडे कशाला जायचे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, चहाबरोबर घ्यायच्या आणि कामाला लागायचे. अशाच एका गोळीने देशाच्या बॅडमिंटन विजेतीला खेळाबाहेर बसवले होते.

मुंबईची अपर्णा पोपट लहानपणी प्रशिक्षक अनिल प्रधान यांच्याकडे खेळ शिकली. १९९६ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. राष्ट्रीय अजिंक्यपद तिने सलग नऊ वेळा जिंकून प्रकाश पदुकोण यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. सिडनी आणि अथेन्स या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ती खेळली. मनगटाच्या दुखापतीमुळे २००६ मध्ये तिने निवृत्ती घेतली.

या कारकिर्दीला २००० साली गालबोट लागले. नाक वाहत होते म्हणून तिने चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दी-डोकेदुखीची गोळी घेतली. उत्तेजक चाचणीत त्यातला बंदी असलेला घटक सापडला. आधीची स्वच्छ कामगिरी आणि औषधाचे अल्प प्रमाण पाहून बंदी तीन महिन्यांवर आली, पण मनस्ताप व्हायचा तो झालाच.

तो घटक म्हणजे फिनाइलप्रोपॅनोलामाइन. तो नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतो, म्हणून चोंदलेले नाक मोकळे होते. पण औषध नाकापुरते थांबत नाही. शरीरातील इतर रक्तवाहिन्याही आकसतात आणि रक्तदाब वाढतो. मेंदूत रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे २००० मध्ये अमेरिकेने हे औषध बाजारातून काढण्यास सांगितले. भारत सरकारने २०११ मध्ये बंदीचा आदेश काढला.

आज सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते. तेही रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून रक्तदाबाच्या व हृदयरोगाच्या रुग्णांनी जपावे. सोबत झोप आणणारे क्लोरफेनिरामिन असते. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन नामपूरच्या बाजारात निघालेल्या माणसाला वाटेत डुलकी लागली तर काय होईल, याचा विचार करा.

वाचकांनी एवढे पाळावे :

१) गोळीच्या पाकिटावरील घटकांची नावे वाचा. अंगदुखीची वेगळी आणि सर्दीची वेगळी गोळी घेतली, तर दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. त्याचा जादा डोस यकृताला घातक ठरतो.

२) रक्तदाब, हृदयरोग, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सर्दीची गोळी घेऊ नका. गरोदर स्त्रियांनीही विचारूनच घ्यावी.

३) चार वर्षांखालील मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचे मिश्रण देऊ नये, असे औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावले आहे. मोठ्यांची गोळी अर्धी करून बाळाला देणे तर सर्वथा टाळा.

४) स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींनी कोणतेही औषध घेण्यापूर्वी आपण खेळाडू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. सर्दीवरच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे आढळल्यास स्पर्धेच्या काळात आजही कारवाई होते.

साधी सर्दी बहुधा आठवड्याभरात आपणहून बरी होते. वाफारा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती यांनी आराम पडतो. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, धाप लागली किंवा कान दुखू लागला, तर मात्र तपासून घ्यावे. गोळी छोटी असली तरी ती औषधच आहे, आणि औषध विचारूनच घ्यावे.