टेल्स्ट्राचा परका कारभारी

टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीची सूत्रे सॉल ट्रुहियो यांनी 1 जुलै 2005 रोजी हाती घेतली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या आघाडीचे सिनेटमधील बहुमतही त्याच दिवशी अमलात आले आणि कंपनीतला उरलेला सुमारे 51.8 टक्के सरकारी हिस्सा विकण्याची वाट मोकळी झाली. तारीख एकच असणे हा योगायोग, पण पुढच्या चार वर्षांच्या भांडणाचे मूळ याच जोडीत आहे. कंपनीचा मोठा मालक सरकार, तिच्यासाठी कायदे करणारे सरकार, आणि समभागांना चांगला भाव यावा म्हणून धडपडणारा विक्रेताही सरकारच.

टेल्स्ट्राचा जन्म टपाल खात्यातून झाला. 1975 मध्ये दूरध्वनी सेवा टपालापासून वेगळी निघाली आणि पुढे स्पर्धा खुली झाली, तरी घराघरांत गेलेली तांब्याची तार टेल्स्ट्राचीच राहिली. ऑप्टससारख्या प्रतिस्पर्ध्यांना बहुतेक ठिकाणी तीच तार भाड्याने घ्यावी लागे. समभागांची पहिली विक्री 1997 मध्ये 3.30 ऑस्ट्रेलियन डॉलरने झाली, दुसरी 1999 मध्ये 7.40 डॉलरने. दुसऱ्या वेळी पैसे घातलेल्या सामान्य कुटुंबांचे हात चांगलेच पोळले. 2005 च्या मध्याला भाव पाचच्या आसपास घुटमळत होता. अशा लाखो लहान भागधारकांना तिकडे ‘मम्स अँड डॅड्स’ म्हणतात, आणि ते मतदारही असतात.

नव्या कारभाऱ्याविषयी शंका घ्यायला कारणे होती. ट्रुहियो वायोमिंगमधल्या शायेनचे, मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. ‘यूएस वेस्ट’ या ज्या दूरध्वनी कंपनीचे ते प्रमुख होते, तिला ग्राहक ‘यूएस वर्स्ट’ म्हणून हिणवत. नंतर युरोपातील ‘ऑरेंज’मध्ये ते जेमतेम वर्षभर टिकले. टेल्स्ट्रात आल्यावर त्यांनी फिल बर्जेस, ग्रेग विन आणि बिल स्ट्युअर्ट हे आपल्या ओळखीचे तीन अमेरिकन मोक्याच्या जागी आणले. वृत्तपत्रांनी या तिघांचे नाव ‘थ्री अमिगोज’ ठेवले; ‘अमिगो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मित्र. टोमणा तिघांना असला तरी त्याचा रोख ट्रुहियो यांच्या वंशाकडे होता, हे न समजण्याइतके कोणी भाबडे नव्हते.

पहिला भडका दोन महिन्यांत उडाला. ऑगस्टमध्ये कंपनीने सरकारला खासगीत सांगितले होते की, जाळ्यावर वर्षानुवर्षे पुरेसा खर्च झालेला नाही आणि लाभांशासाठी गंगाजळीला हात घालावा लागतो आहे. सप्टेंबरमध्ये ही माहिती बाहेर फुटली. मग सरकारला जे आधी कळले ते भागधारकांना का नाही, असा सवाल उभा राहिला आणि रोखे नियामकाने चौकशी हाती घेतली. त्याच सुमारास बर्जेस यांनी, आपण आपल्या आईला टेल्स्ट्राचे समभाग घ्यायला सांगणार नाही, असे बोलून आगीत तेल ओतले. खरे तर नव्या कारभाऱ्याने आल्याआल्या जुन्या वह्या उघडून दाखवणे ही उद्योगजगताची रीतच आहे. जे वाईट असेल ते आधीच्याच्या नावावर जाते. पण इथे मालक दुकान विकायला निघाला होता आणि व्यवस्थापक दारात उभा राहून माल खराब असल्याचे सांगत होता. हॉवर्ड संतापले, यात नवल नाही.

नोव्हेंबर 2005 मध्ये जाहीर झालेल्या योजनेत पाच वर्षांत दहा ते बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे ठरले होते. तिचा सर्वांत भरीव भाग म्हणजे ‘नेक्स्ट जी’ हे मोबाइल जाळे. एरिक्सनच्या साह्याने सुमारे दहा महिन्यांत ते उभे राहिले आणि ऑक्टोबर 2006 मध्ये सुरू झाले. 850 मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात, त्यामुळे विरळ वस्तीच्या मुलखातही मोजक्या मनोऱ्यांवर काम भागते. 98 टक्के लोकसंख्या या जाळ्याखाली आल्याचा कंपनीचा दावा होता. जुने सीडीएमए जाळे बंद करताना मात्र शेतकरी भागातून तक्रारी आल्या, आणि जानेवारी 2008 ची मुदत सरकारने तीन महिने पुढे ढकलायला लावली. तरीही अभियांत्रिकीच्या बाजूने पाहता ट्रुहियो यांच्यावरचा अविश्वास अनाठायी ठरला. प्रतिस्पर्धी पुढे कितीतरी काळ या पल्ल्याच्या मागेच राहिले.

राजकारणात मात्र टीकाकारांचे म्हणणे खरे निघाले. प्रकाशतंतूचे जाळे प्रतिस्पर्ध्यांना कोणत्या दराने वापरू द्यायचे, यावर स्पर्धा आयोगाशी चाललेली बोलणी ऑगस्ट 2006 मध्ये फिसकटली. तिसरी विक्री त्याच वर्षी अवघ्या 3.60 डॉलरने उरकावी लागली, आणि न विकलेला सुमारे 17 टक्के हिस्सा ‘फ्यूचर फंड’ या सरकारी निधीकडे गेला. 2007 मध्ये कंपनीने दळणवळण मंत्री हेलन कूनन यांनाच न्यायालयात खेचले. तांब्याच्या तारेवरचा हक्क राज्यघटनेच्या आधारे सोडवून घेण्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2008 मध्ये एकमताने फेटाळला. त्याआधी नोव्हेंबर 2007 च्या वार्षिक सभेत अधिकाऱ्यांच्या वेतनाच्या अहवालाविरुद्ध सुमारे दोन तृतीयांश मते पडली होती. विरोधात फ्यूचर फंडही होता. मतदान बंधनकारक नसल्याने वेतन तसेच राहिले.

सरकार बदलले, पवित्रा बदलला नाही. नवे पंतप्रधान केविन रड यांच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड निविदेत टेल्स्ट्राने भरगच्च प्रस्तावाऐवजी बारा पानांचे पत्र धाडले. लघुउद्योगांच्या सहभागाची योजना त्यात नव्हती, आणि एवढ्या कारणावरून 15 डिसेंबर 2008 रोजी कंपनी स्पर्धेतून बाद झाली. त्या दिवशी समभाग एक दशांशाहून अधिक कोसळला. सरकार आपल्यावाचून जाळे उभारूच शकत नाही, हा हिशेब चुकला होता.

फेब्रुवारी 2009 मध्ये ट्रुहियो यांच्या निरोपाची घोषणा झाली, तेव्हा पंतप्रधान रड यांनी ‘आदिओस’ एवढ्या एका स्पॅनिश शब्दात प्रतिक्रिया दिली. मे महिन्यात देश सोडल्यावर बीबीसीशी बोलताना ट्रुहियो यांनी ऑस्ट्रेलियात वर्णभेद जाणवल्याचे सांगितले. ती तक्रार पोकळ नव्हती; पण समभागाचा भाव तेव्हा तीन डॉलरच्या आसपास होता आणि तो वंशामुळे उतरलेला नव्हता. त्यांच्या जागी कंपनीतलेच डेव्हिड थोडी आले. एप्रिलमध्येच रड यांनी 43 अब्ज डॉलरचे सरकारी जाळे जाहीर केले होते, आणि थोडी यांनी ते उभारणाऱ्या सरकारी कंपनीशी भांडण्याऐवजी वाटाघाटी सुरू केल्या.