तृतीयपंथीयांचें मनःस्वास्थ्य आणि जातिभेद

ज्वर आला असतां तो हातास कळतो. मनाची जखम मात्र बाहेरून दिसत नाहीं, म्हणून तिची उपेक्षा होते. तृतीयपंथी लोकांच्या मनःस्वास्थ्याची अशीच उपेक्षा झाली आहे. त्यांतही ह्या समाजाचें दुःख सर्वांच्या वांट्यास सारखें येत नाहीं, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे.

जन्मतः मुलगा किंवा मुलगी म्हणून नोंद झाली, पण जिची अंतरींची ओळख त्याहून भिन्न आहे, अशा व्यक्तीस तृतीयपंथी म्हणतात. ही भिन्नता म्हणजे मनोविकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं मान्य केलेल्या रोगसूचींत ती मनोविकारांतून वगळली आहे. मग विषाद, भय, निद्रानाश हीं येतात कोठून? घरच्यांनीं टाकणें, वर्गांतील कुचेष्टा, कामाचा अभाव व रस्त्यांतील अपमान ह्यांचा भार रोज वाहून मन खचतें.

हा भार वंशाप्रमाणें कमीअधिक होतो, हें अमेरिकेंत दिसून आलें. तेथें 2015 सालीं 27,715 तृतीयपंथीयांची पाहणी झाली. आयुष्यांत केव्हां तरी आत्मघाताचा प्रयत्न केलेल्यांचें प्रमाण गौरवर्णीयांत शेंकडा 37, कृष्णवर्णीयांत 47 व मूळ रहिवाशांत 57 आढळलें. ज्यांस दोन प्रकारचा तिरस्कार सोसावा लागतो, त्यांचें मन अधिक लवकर खचतें.

आपल्या देशांत हें दुसरें ओझें जातीचें असतें. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें भटक्या जमाती व तृतीयपंथी ह्या दोहोंचीही नोंद ठेवण्याची व्यवस्था केली होती. तो कायदा गेला, पण संशय उरला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ह्या ब्राह्मण कुटुंबांतल्या. त्यांस अपमान सोसावा लागला, तरी घरच्यांनीं टाकलें नाहीं. तमिळनाडूच्या ग्रेस बानू ह्या दलित. शाळेंत जातीमुळें आपणांस इतर मुलांपासून दूर ठेवलें, आणि पुढें तृतीयपंथी म्हणून महाविद्यालय सोडावें लागलें, असें त्या सांगतात. 2011 च्या जनगणनेंत देशाची साक्षरता शेंकडा 74 होती. स्त्रीपुरुषांहून 'इतर' म्हणून नोंदलेल्यांची मात्र 56 होती. शिक्षण गेलें कीं काम जातें, आणि कामाबरोबर मनाचा आधारही जातो. म्हणून कर्नाटक सरकारनें 2021 सालीं नोकऱ्यांच्या प्रत्येक जातिवर्गांत तृतीयपंथीयांसाठीं शेंकडा 1 जागा राखून ठेवल्या, हें योग्यच झालें.

आपल्या जामखेड येथें 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. त्यांनीं निरक्षर व दलित स्त्रियांसही शिक्षण देऊन गांवच्या आरोग्याची सेवा त्यांच्या हातीं सोंपविली. जातीची भिंत हलल्यावांचून औषध घरोघरीं पोंचत नाहीं, हा त्या कार्याचा धडा मनाच्या दुखण्यासही लागू आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या कामीं विद्वत्तेची गरज नाहीं. वर्गांतील एखाद्याच्या चालण्याबोलण्याची टवाळी न करणें, त्यास आपल्या बांकावर जागा देणें, आणि तो फारच खचला असल्यास गुरुजनांस सांगणें किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक देणें, एवढें आपण करूं शकतों. दुसऱ्याचें ओझें आपण सर्वच उतरवूं शकणार नाहीं. पण त्यांत आपल्या हातानें भर घालूं नये, एवढें तरी निश्चित आपल्या हातीं आहे.