संस्थान विलीन होण्याच्या आदल्या दिवशी

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. राज्य गेलं, पण विद्येचा वारसा शहरात राहिला. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. पाया मात्र जुनाच: १८८१ चं बडोदा कॉलेज आणि १८९० चं कलाभवन.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे रॉबर्ट चिझम यांच्या त्या भव्य घुमटापेक्षा मला कलाभवनाचं अप्रूप जास्त. तिथे त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रशिक्षणासाठी गुजरातीचा आग्रह धरला. आपले दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. आज तिथे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा चालते. घुमट बघायला सगळेच थांबतात. पुढच्या खेपेला कलाभवनाकडेही पाय वळवा.