‘डॅम्प’ म्हणजे ओल की दमटपणा?

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडचे रुग्ण सांगतात, “डॉक्टर, घर डॅम्प झालंय.” या एका इंग्रजी शब्दात मराठीतले दोन अर्थ येतात. भिंतीत मुरते ती ओल, हवेत असतो तो दमटपणा. आर्द्रता १०० टक्के झाली की हवेत आणखी बाष्प मावत नाही. मग कपडेही वाळत नाहीत.

उपाय वेगवेगळे आहेत. ओलीसाठी गळती काढावी, भिंतीलगतचे पाणी वाहते करावे. दमटपणासाठी उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. दोन्हींमुळे बुरशी वाढते व दमेकऱ्याची धाप बळावते. रंग दिल्याने बुरशी झाकते, ओल जात नाही. रात्री खोकला, घरघर होत असल्यास भिंतीबरोबर छातीही तपासून घ्यावी.