जाड कापडाला मशीन कोणतं?

शाळेच्या दप्तराचा खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो, तिथे नायलॉनची पट्टी, फोम, अस्तर आणि बाहेरचं जाड कापड असे सगळे थर एकाच शिवणीत येतात. शर्ट-ब्लाउज शिवणाऱ्या मशीनवर ही जोडणी घेतली की टाके सुटतात, धागा तुटतो, सुई वाकते. मग दोष मोटरवर जातो. दप्तरं, सोफ्याची कव्हरं, रिक्षाचे हूड किंवा ताडपत्री शिवण्याचा छोटा धंदा सुरू करणारे म्हणूनच जास्त ताकदीची मोटर शोधत फिरतात. खरं तर आधी पाहायला हवं ते एवढंच, की मशीन कापड पुढे सरकवतं कसं.

साध्या मशीनमध्ये कापड फक्त खालचे दाते ओढतात; वरचा फूट दाब देत जागीच असतो. सुती कापडात हे निभावतं. रेक्झिन किंवा चामडं मात्र फुटाला चिकटतं. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि लांब शिवण संपते तेव्हा वरचा तुकडा बोटभर उरलेला असतो. वॉकिंग फूट असलेल्या मशीनमध्ये फूटही दात्यांच्या जोडीने पुढे सरकतो. जुकीचं डीयू-११८१एन हे या प्रकारातलं.

कंपाउंड फीडमध्ये सुईसुद्धा चालते. कापडात रुतलेली असतानाच ती दात्यांबरोबर पुढे जाते, आतला फूट तिच्यासोबत असतो, आणि ही मंडळी परत येईपर्यंत बाहेरचा फूट कापड धरून ठेवतो. सुई सगळ्या थरांतून आरपार असल्याने थर एकमेकांवरून घसरत नाहीत. जुकीचं डीएनयू-१५४१ असं चालतं : मिनिटाला कमाल २,५०० टाके, टाक्याची लांबी ९ मिलिमीटरपर्यंत, आणि गुडघ्याने फूट उचलला तर खाली १६ मिलिमीटर जागा. शर्टाच्या कामाचं डीडीएल-८७०० याच्या दुपटीहून जास्त वेगाने धावतं. पण जाड मालात त्या वेगाचं करायचं काय? सुई घर्षणाने तापते आणि सिंथेटिक धागा वितळून तुटतो. याची दुसरी बाजूही आहे. कंपाउंड फीड महाग पडतं, पातळ कापडाला ते योग्य नाही आणि मऊ चामड्यावर त्याच्या फुटाचे वळ उमटतात.

पिशवीचा तळ किंवा गोल कड शिवायची असेल, तर सपाट पाट्यावर काम अडतं. तिथे नळीसारख्या अरुंद हाताचं मशीन लागतं. चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानांतलं सिंगरचं २९के तर फूट हव्या त्या दिशेला फिरवू देतं. मात्र त्याचं बॉबिन लहान आहे. दुरुस्तीसाठी ते उत्तम. रोज ढिगाने दप्तरं काढायला घेऊ नये.

मोटरकडे वळायचं ते आता. जुनी क्लच मोटर पाय काढला तरी फिरत राहते, वीज खाते, आणि पायडलवर हळू शिवायला हात, म्हणजे खरं तर पाय, बराच बसावा लागतो. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच चालते आणि तिचा वेग आधीच बांधून ठेवता येतो. जाड जोडणीवरून टाका-टाका पुढे न्यायचा तर नवशिक्याने सर्वोच घ्यावी.

उरलेली निम्मी भांडणं सुई-धाग्याची. टेक्स ७० च्या धाग्याला साधारण १८ नंबरची सुई, टेक्स १३५ ला २२ किंवा २३. बारीक सुईत जाड धागा कोंबला की तो पिंजतो. चामड्याच्या सुईचं टोक कापत जातं, म्हणून ती कापडाला लावू नये. नायलॉनचा धागा मजबूत असतो, पण उन्हात कमजोर होतो. ताडपत्री आणि रिक्षाच्या हुडाला पॉलिस्टरचाच वापरावा.

जुनं मशीन घेताना रंग बघू नका. सुईची दांडी हाताने हलवून पाहा, डुगडुगत असेल तर सोडून द्या. हुकाचं टोक झिजलंय का तपासा, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का ते विचारून घ्या.

दुकानात जाताना आपल्या मालातली सर्वांत जाड जोडणी आणि आपलाच धागा सोबत न्या. विक्रेत्याच्या चिंधीवरची शिवण बघून पैसे देऊ नका. आपला तुकडा आधी हातचाकाने, मग सावकाश पायडलवर शिवून घ्या, उलटून खालचा टाका बघा, आणि मगच भावाचं बोला.