चोर आणि संन्यासी

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण नित्य वापरतो. शरीराच्या राज्यातही कधीकधी असाच न्याय होतो, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

कर्करोगाच्या गाठीतील काही प्रथिने मज्जापेशींतील प्रथिनांसारखीच असतात. शरीराची संरक्षक यंत्रणा गाठीवर चालून जाते आणि त्या साम्यामुळे निरपराध मज्जासंस्थाही मार खाते. गाठ मेंदूत पसरलेली नसतानाही मेंदू आजारी पडतो. फुप्फुसाच्या एका कर्करोगात पायांतील बळ जाते. स्तनाच्या वा बीजकोशाच्या कर्करोगात कधी लहान मेंदूच्या पेशी नष्ट होऊन चालण्याचा तोल सुटतो. गाठीचा पत्ता लागण्याच्या कित्येक महिने आधीही ही लक्षणे दिसू शकतात.

यांतला एक विकार आमच्या वाचकभगिनींनी विशेष ध्यानी ठेवावा. २००७ साली डॉ. जोसेप डालमाउ व सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांच्या आजारावरून त्याचे वर्णन केले. बहुतेकींच्या बीजकोशात गाठ होती. अशा गाठीत केस, दात, मेंदूसारख्या पेशीही आढळतात. ती नेहमी कर्करोगाचीच असते असेही नाही.

हसतीखेळती मुलगी. चार दिवस डोकेदुखी, ताप. मग झोप उडते, ती असंबद्ध बोलू लागते, भास होतात, झटके येतात. घरात कुजबुज सुरू होते: बाहेरची बाधा असेल, लग्नाचा ताण असेल, वेड तर नव्हे? दृष्ट काढली जाते, अंगारा लावला जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात.

कुणाच्या श्रद्धेस आम्ही बोल लावत नाही. अंगारा लावावा, पण दवाखान्याच्या वाटेवर. आपल्या हैदराबादेत पंजागुट्ट्यास निजाम इन्स्टिट्यूटमध्ये मज्जाविकारांचा विभाग आहे. रेड हिल्सला १९५५ पासूनचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे. रक्तातील व पाठीच्या कण्यातील द्रवातील प्रतिपिंडे तपासावीत का, पोटाची सोनोग्राफी करावी का, असे डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. गाठ असल्यास ती काढणे आणि संरक्षक यंत्रणेस आवर घालणारी औषधे देणे, हा मुख्य उपचार.

२०१३ साली ५७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या अखेरीस पाचांतील सुमारे चौघे चांगले सावरले होते, आणि लवकर उपचार मिळालेल्यांचे फळ अधिक चांगले होते. लहान मेंदूच्या विकारात मात्र गेलेले सहसा परत येत नाही. म्हणून तेथे तर घाई अधिकच हवी.

तेव्हा घरातील लेकीसुनेचे वागणे एकाएकी पालटले, तर लोक काय म्हणतील याचा विचार मागाहून करावा. आधी खरा चोर शोधावा.